कर्जाची वही: पहिला पैसा कोणाला द्यायचा हे कसं ठरवायचं

आपल्याकडं शेतकऱ्याच्या घरात देणं एका ठिकाणचं नसते. सोसायटीचं पीककर्ज आहे, कृषी केंद्राची उधारी आहे, घरच्या बाईच्या नावानं गटाचं कर्ज आहे, गळ्यातली पोत कुठंतरी गहाण आहे, गाडीचा हप्ता चालू आहे आणि त्याच्यावर गावातल्याच कोणाचे तरी पाच टक्क्यानं घेतलेले पैसे आहेत. सगळं मिळून किती, असं विचारलं की माणूस अंदाजे आकडा सांगतो आणि तो अंदाज बहुतेक वेळा कमीच निघते, कारण मुद्दल लक्षात राहते, चढत गेलेलं व्याज राहत नाही. मग कापसाचा चुकारा हातात आला की जो आधी दारात येते त्याला पैसे जातात, जो चारचौघात बोलते त्याला जातात, आणि जो गप असते त्याचं राहून जाते. नेमकं त्या गप असणाऱ्याचं व्याज जास्त असलं तर वर्षभराची मेहनत तिथंच मुरते. म्हणून चुकारा यायच्या आधीच घरात बसून ठरवायचं की पहिला पैसा कोणाचा, दुसरा कोणाचा, आणि कोणाला हात जोडून यंदा थांबा म्हणायचं. ते कसं ठरवायचं तेच इथं सोपं करून सांगतो.

आधी एक गोष्ट, कारण ती मनात अडकली असली की पुढचा हिशोब होतच नाही. कर्ज झालं म्हणजे माणूस नालायक आहे असं काही नसते. कोरडवाहू वावर, पाऊस दडी मारला की दुबार पेरणी, २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला, २०२३ ला सोयाबीनवर येलो मोझॅक आला, २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ आणि बाजारात कितीतरी जणांनी ते चार हजाराच्या आसपास देऊन टाकलं. यात शेतकऱ्याचा काय दोष? दोष कोणाचा हे विचारलंच पाहिजे, सरकारला विचारलं पाहिजे, मोर्चा काढून विचारलं पाहिजे. पण दोष दुसऱ्याचा निघाला तरी सहीवर आपलं नाव आहे आणि व्याज आपल्याच नावावर चढून राहिलं आहे. जबाबदारी घ्यायची म्हणजे स्वतःला शिव्या घालत बसायचं असं नाही, एवढंच की आपल्या वहीत काय लिहिलं आहे ते आपल्याला दुसऱ्या कोणाच्याही आधी माहीत पाहिजे.

आणि कर्जमाफी. "माफी होऊन राहिली म्हणतेत, भरू नको लेका," हे दर मार्चला पारावर ऐकू येते. माफ्या झाल्या आहेत, खोटं नाही. २००८ ला केंद्राची झाली, २०१७ ला राज्यानं छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावानं दीड लाखापर्यंतची आणली, २०१९ ला महात्मा फुल्यांच्या नावानं दोन लाखापर्यंतची. पण नीट पाहा, २०१७ आणि २०१९ च्या दोन्ही माफ्या बँक-सोसायटीच्या शेतीकर्जासाठी होत्या, आणि २०१९ ला ज्याची थकबाकी दोन लाखाच्या वर गेली होती तो बाहेरच राहिला. कृषी केंद्राची उधारी, सोनं, गटाचे हप्ते, पाच टक्क्याचे पैसे, हे त्यात बसलं नाही. त्याच २०१९ च्या योजनेत नियमित भरणाऱ्याला ५० हजारापर्यंत प्रोत्साहन ठेवलं होतं हे मात्र पारावर कोणी सांगत नाही. माफी मागायची, तिच्यासाठी भांडायचं, मिळाली तर घ्यायची, पण ती येईल असं धरून घराचं गणित मांडायचं नाही. येईल तेव्हा येईल, तोवर खाजगीवाल्याचं मीटर थांबत नाही.

आता वही. पोराची जुनी शाळेची वही घ्या, मधलं पान उघडा आणि आडवी पट्टी मारा. रकाने सहा: कोणाचं देणं, मुद्दल किती बाकी, दर काय, वर्षाचं व्याज रुपयात किती, भरायची तारीख कोणती, आणि बदल्यात काय दिलं आहे (सातबारा, सोनं, चेक, कोणी जामीनदार). शेवटचा रकाना लोक सोडून देतात आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण हप्ता चुकला तर काय जाणार हे तिथं दिसते. जामीनदार असला तर त्याचं नाव मोठ्या अक्षरात लिहा, कारण कायद्यानं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच धरली जाते, बँक आधी त्याच्याकडं गेली तरी चालते.

ही वही एकट्यानं भरायची नाही. नवरा-बायको दोघं पाहिजेत, आणि पोरगं कमावतं असलं तर तेही. आपल्याकडं नवऱ्यानं खाजगी काढलेलं बायकोला माहीत नसते आणि बायकोनं दुसऱ्या गटातून उचललेलं नवऱ्याला माहीत नसते, दोघंही एकमेकांना त्रास नको म्हणून लपवतात. पहिल्या दिवशी भांडण होईल, होऊ द्या. ज्या दिवशी सगळे आकडे एका पानावर येतात त्या दिवशी निदान घरातल्या घरात लपवाछपवी संपते, आणि ते वजन कर्जापेक्षा कमी नसते.

दराचा रकाना भरताना घोळ होते, तो समजून घ्या. बँक वर्षाचा दर सांगते, गावातला माणूस महिन्याचा. तो "तीन टक्के" म्हणते तेव्हा ते शेकडा तीन रुपये महिन्याचे, म्हणजे वर्षाला ३६. पाच टक्के म्हणजे वर्षाला ६०. बँकेचे १२ टक्के ऐकून माणूस घाबरते आणि गावातले पाच टक्के त्याला हलके वाटतात, इथंच सगळी फसगत आहे. सवाई-दिढीनं घेतलं असलं, म्हणजे जूनमध्ये पोतंभर घेऊन सुगीत दीड पोतं द्यायचं, तर तो पाच-सहा महिन्यांतच ५० टक्के झाला. वहीत सगळे दर वर्षाचेच लिहा, नाहीतर तुलना होणार नाही.

दुसरा घोळ फ्लॅट दराचा. समजा एक लाख घेतले दोन वर्षासाठी, १२ टक्के फ्लॅट. व्याज झालं २४ हजार, हप्ता साधारण ५,१६७. दिसायला १२ टक्के, पण तुम्ही दर महिन्याला मुद्दलही परत करून राहिले आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावरच लागून राहिलं. घटत्या शिल्लकीवर हिशोब केला तर हाच दर साडेएकवीसच्या आसपास जाते. ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेनं बँका आणि फायनान्स कंपन्यांना प्रत्येक किरकोळ कर्जासोबत, तुम्हाला समजेल अशा भाषेत, एक मुख्य माहितीचा कागद देणं बंधनकारक केलं आहे आणि त्यात फी-विमा सगळं धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागते. तो कागद मागा. देत नसेल तर सही करू नका, एवढं साधं आहे.

आता कोणाचं आधी. याचे दोन रस्ते सगळीकडे सांगतात. एक, ज्याचा दर सगळ्यात जास्त त्याला आधी संपवायचं, बाकीच्यांना फक्त लागेल तेवढं द्यायचं. दुसरा, जे सगळ्यात लहान आहे ते आधी संपवायचं, म्हणजे एकेक नाव वहीतून कटते आणि माणसाला हुरूप येते. रुपयाच्या हिशोबात पहिला रस्ता स्वस्त पडते. पण हे दोन्ही रस्ते महिन्याला पगार येणाऱ्या माणसासाठी सांगितलेले आहेत. आपल्याकडं पैसा महिन्याला येत नाही, सोयाबीन निघालं की येते, पऱ्हाटीचा वेचा झाला की येते, तूर झाली की येते, आणि मार्चनंतर पेरणीपर्यंत घरातूनच जात राहते. म्हणून आपल्याला रस्ता पिकाच्या तारखेवर बसवावा लागते.

एक घर धरून चालू, आकडे समजण्यापुरते आहेत. यवतमाळकडचं पाच एकर कोरडवाहू. सोसायटीचं पीककर्ज १,२०,०००. गावातले खाजगी ५०,०००, पाच टक्क्यानं, त्याचे महिन्याचे अडीच हजार मजुरीतून कसेबसे जातात. सोनं तारण ६०,०००, दीड टक्का महिना. कृषी केंद्र ३८,०००, दोन टक्के महिना. बायकोच्या गटाचे २६,००० बाकी, हप्ता तिच्या मजुरीतून जाते. साळ्याकडून हातउसने ३०,०००, बिनव्याजी. गाडीचे राहिलेले ४,०००. बेरीज ३,२८,०००.

आता या घरातल्या माणसाला विचारा सगळ्यात मोठं कर्ज कोणतं, तो म्हणेल सोसायटीचं. रकमेनं बरोबर आहे. पण वर्षाचं व्याज काढा. खाजगीच्या ५० हजारावर ३०,०००. सोन्यावर १०,८००. कृषी केंद्रावर ९,१२०. गटाचं सोडून हेच ५० हजाराच्या आसपास गेलं, त्यातले ३० हजार एकट्या खाजगीचे. आणि सोसायटीच्या १,२०,००० वर? वेळेत भरलं तर जवळपास काहीच नाही. तीन लाखापर्यंतच्या पीककर्जावर वेळेत भरणाऱ्याला केंद्राची तीन टक्के सूट असते आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे (पंजाबराव आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, देशाचे कृषिमंत्री झाले), दोन्ही मिळून व्याज शून्यावर येते. म्हणजे जे कर्ज सगळ्यात मोठं दिसते तेच सगळ्यात स्वस्त आहे, फक्त त्याची तारीख पाळली तर. तारीख चुकली की दोन्हीकडचे सहा टक्के गेले, १,२०,००० वर वर्षाचे ७,२००, आणि पुढच्या हंगामाला नवीन कर्ज मिळत नाही हे वेगळं, आणि मग तोच माणूस जूनमध्ये परत पाच टक्केवाल्याच्या दारात.

म्हणून माझ्या मते आपल्याकडचा क्रम असा पाहिजे. पीककर्जाची तारीख खुंट्यासारखी पक्की धरायची, तिला हलवायचं नाही. त्या तारखेच्या आधी हातात येणारा पैसा महाग दराकडं वळवायचा. आणि ज्याच्यापायी जमीन किंवा दुसऱ्याचा जामीन जाऊ शकते त्याच्यावर नजर ठेवायची, त्याचा दर कमी असला तरी.

या घराचं सोयाबीन दोन एकर, दहा क्विंटल झालं, ४,२०० नं गेलं, ४२ हजार. सोंगणी-मळणीचे नऊ, दिवाळी आणि घरात आठ, राहिले २५ हजार. ते तसेच्या तसे खाजगीवाल्याच्या मुद्दलात. व्याजात नाही, मुद्दलात, आणि देताना चार लोकांसमोर चिठ्ठीवर "मुद्दलापैकी जमा" लिहून घ्यायचं. आता महिन्याचं व्याज अडीच हजाराचं साडेबाराशे झालं. मग कापसाचे पहिले सात क्विंटल, ७,२०० नं ५०,४००, वेचणी किलोला दहा रुपये धरली तर सात हजार गेले, राहिले ४३,४००. त्यातले २५ हजार देऊन खाजगी संपलं. दहा हजार कृषी केंद्रात, चार हजार देऊन गाडी मोकळी, वरचे घरात. पुढचे ११ क्विंटल वेचणी जाऊन ६८,२००, तीन क्विंटल तूर सात हजारानं २१,०००, असे ८९,२००. कृषी केंद्राचे राहिलेले २८ हजार दिले की हातात ६१,२००.

आणि मार्च आला. सोसायटीत भरायचे १,२०,०००, हातात त्याच्या निम्मे. इथं आपल्याकडं जे होते ते सगळ्यांना माहीत आहे, नवं-जुनं. आठ-दहा दिवसासाठी कुठून तरी पैसे उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवीन कर्ज मंजूर झालं की त्यातून परत करायचे. याला नावं ठेवणारे खूप आहेत, पण ज्याच्याकडं पर्याय नाही त्यानं निदान हिशोबानं करावं. पूर्ण १,२०,००० पाच टक्क्यानं उचलले तर दहा दिवसाचाही तो पूर्ण महिना धरते, सहा हजार गेले. वाचणार होते ७,२००. म्हणजे हातात उरले बाराशे, आणि मंजुरीला महिना उलटून गेला तर दुसऱ्या महिन्याचे सहा हजार लागून उलटं नुकसान. आता वरच्या घरासारखं खाजगी आधीच संपलेलं असलं आणि निम्मे पैसे घरचे असले तर साठच हजार लागतात, ते बचत गटातून दोन टक्क्यानं मिळाले तर बाराशे रुपयात काम होते. आणि सोसायटीच्या गटसचिवाला आधी विचारून ठेवायचं की भरल्यावर नवीन किती दिवसात मिळते, मागच्या वर्षी किती दिवस लागले. हे न विचारता कोणी पैसे उचलू नये.

नवीन १,२०,००० मिळाले, त्यातले साठ परत केले, साठ हजार राहिले बी-खतासाठी. म्हणजे या जूनमध्ये कृषी केंद्रात उधारी करायची गरज नाही, रोखीनं घेतलं तर भावही थोडा घासाघीस करून मिळते. पहिल्या वर्षात कर्ज संपलं नाही हे खरं आहे, सोसायटीचं फिरून राहिलं, सोनं राहिलं, साळ्याचे राहिले. पण वर्षाला ५० हजार व्याज जात होतं ते ११ हजारावर आलं आणि तो फरक पुढच्या वर्षी सोन्याकडं जाईल. एखाद्या वर्षी पीकच बुडालं तर हे सगळं गणित बसणार नाही, त्याचं पुढं सांगतो.

लहान कर्ज आधी संपवायचा रस्ता मी अगदीच सोडून द्या म्हणणार नाही. वर गाडीचे चार हजार मुद्दाम मध्येच दिले ते त्याच्यासाठीच. घरात सगळे खचलेले असले, फोन वाजला की बायको घाबरत असली, तर एक नाव कटणं गरजेचं असते. पण एकच. दर पाहायचं सोडून लहान-लहान संपवत बसलं तर मोठ्या दराचं व्याज तेवढ्यात वाढून बसते.

साळ्याच्या ३० हजाराचंही सांगतो. बिनव्याजी आहे म्हणून ते वहीत शेवटी जाते, पण त्याला काही न सांगता गप बसू नका. त्याला तारीख सांगा, दोन वर्षानंतरची असली तरी सांगा.

महाग कर्ज स्वस्त कर्जानं बदलता येते का हेही पाहायचं. एक कर्ज फेडायला दुसरं काढू नये असं सगळे म्हणतात आणि साधारण बरोबरच आहे, पण साठ टक्क्याचं फेडायला बँकेत सोनं ठेवून बँकेच्या दरानं घेतलं तर तो फायदाच आहे, अट एवढीच की जुनं त्याच दिवशी पूर्ण बंद झालं पाहिजे आणि त्या माणसाकडून परत घ्यायचं नाही. उलटं मात्र कधीच नाही. बँकेचा हप्ता भरायला खाजगी, खाजगीचं व्याज भरायला मोबाइलवरचं ॲप, ही उतरण फार वेगानं खाली नेते. ॲपचं विशेष सांगतो, कारण आता गावागावात पोरं त्यातून घेऊन राहिली आहेत. नियमानं कर्जाचा पैसा बँक किंवा नोंदणीकृत फायनान्स कंपनीकडून थेट तुमच्या खात्यात आला पाहिजे आणि ॲपला तुमची नंबरांची यादी, फोटो पाहायचा हक्क नाही. जे ॲप ते मागते ते कर्ज देत नाही, ते धमकीचं सामान गोळा करते. फसवणूक झाली असेल तर सायबर तक्रारीच्या १९३० नंबरवर तक्रार करा, लाजू नका.

आता पीक बुडालं तर. सगळ्यात मोठी चूक म्हणजे बँकेकडं जायचं बंद करणं. पीककर्जात कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं की एनपीए (बँकेच्या लेखी थकीत खातं) होते, बाकीची कर्जं ९० दिवसात होतात. त्याच्या आत जायचं. अतिवृष्टी, दुष्काळ जाहीर झाला असेल आणि नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमात पुनर्गठन आहे, म्हणजे थकलेल्या पीककर्जाचे हप्ते पाडून पुढची मुदत मिळते, नुकसान निम्म्याच्या वर असेल तर पाच वर्षापर्यंत, आणि नवीन पीककर्जही मागता येते. हे आपोआप होईल म्हणून बसू नका, अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारखेचा शिक्का पाहिजे. तोंडी बोलणं उद्या कोणी ओळखत नाही.

बँक एकरकमी परतफेडीची योजना काढते, गावात त्याला समझोता म्हणतात. जुनं थकलेलं असलं तर त्यात व्याज बरंच सुटते. पण दोन गोष्टी पाहून घ्या. एक, त्यातल्या तारखेला पूर्ण रक्कम भरायची ऐपत आहे का, नाहीतर सूट जाते आणि भरलेलं व्याजात धरलं जाते. दुसरं, सिबिलच्या रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, ते "सेटल्ड" म्हणून दिसते, "क्लोज्ड" म्हणून नाही, आणि पुढच्या कर्जाला अडचण येऊ शकते. ज्याला पुढं पोरीच्या शिक्षणाला कर्ज लागणार आहे त्यानं याचा विचार करावा. ज्याला श्वास घ्यायलाच जागा नाही त्यानं समझोता करून मोकळं व्हावं असं माझं मत आहे. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट पाहता येते, प्रत्येकानं पाहावा, कधी कधी आपल्या नावावर न घेतलेलंही कर्ज निघते.

पतसंस्थेचं असलं तर तिथला कायदा सहकाराचा आहे. कलम १०१ ची नोटीस आली की ती वाचून खुंटीला अडकवायची नसते, सहायक निबंधकाकडं तारखेला हजर राहायचं आणि हिशोब चुकीचा असेल तर लेखी सांगायचं. गैरहजर राहिलं तर वसुली दाखला एकतर्फी निघते आणि त्यावर जप्ती येते. बँकांचा जो सरफेसी कायदा आहे, कोर्टात न जाता तारण जप्त करायचा, तो शेतजमिनीला लागत नाही, पण म्हणून शेतजमिनीवर कोणतीच जप्ती येत नाही असं समजू नका.

गटाच्या कर्जाचं थोडं सविस्तर, कारण तिथं त्रास बायांना होते. उमेदचा किंवा माविमचा (दोन्ही सरकारी) बचत गट वेगळा आणि खाजगी मायक्रोफायनान्सचा गट वेगळा, बोलताना दोघांनाही गटच म्हणतात. मायक्रोफायनान्सचे नियम एप्रिल २०२२ पासून बदलले आहेत. वर्षाचं उत्पन्न तीन लाखापर्यंत असलेल्या घराला ते बिनतारण कर्ज देतात, पण घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. आधीच फेडलं तर दंड नाही. उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या हप्त्यावर, पूर्ण कर्जावर नाही. वसुलीचा माणूस सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर फोन करू शकत नाही, शिव्या, धमकी, नातेवाईकाला त्रास काहीच चालत नाही. रात्री आठला दारात बसून राहणारा माणूस नियम मोडून राहिला आहे, त्याला तसं तोंडावर सांगा. आधी कंपनीकडं लेखी तक्रार, ३० दिवसात उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं, १४४४८ वर फोन लावला तर माहिती मिळते. कर्ज थकलं म्हणून पोलीस उचलून नेतील हे खोटं आहे, कर्ज न फिटणं हा गुन्हा नाही. फक्त चेक दिला असेल आणि तो परत गेला तर त्याची केस वेगळी होते, म्हणून कोरा चेक कोणाच्या हाती देऊ नका.

खाजगी सावकाराचा कायदा २०१४ चा आहे. सावकाराला परवाना लागते. परवानाधारकाला शेतीच्या कर्जावर तारण असेल तर वर्षाला ९ टक्के, बिनतारण १२, आणि शेतीबाहेरच्या कर्जावर १५ आणि १८ एवढाच दर घेता येते. वर्षाला, महिन्याला नाही. परवाना नसलेल्याला कोर्ट वसुलीचा हुकूम देत नाही. आणि सगळ्यात धोक्याचं जे आपल्याकडं चालते, पैसे देताना जमिनीचं खरेदीखतच करून घ्यायचं आणि तोंडी सांगायचं की पैसे दिले की वावर परत, त्याच्यासाठी या कायद्यात जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येते, व्यवहार सावकारीतला होता हे चौकशीत निघालं तर जमीन परत द्यायचा आदेश होऊ शकते. असे कागद ज्याचे झाले असतील त्याच्या वहीत हे नाव सगळ्यात वर पाहिजे, दर कितीही असो. बाकीच्या खाजगीवाल्यांशी माझ्या मते भांडणाआधी बोलून पाहा, दोन मोठ्या माणसांना घेऊन जा आणि म्हणा मुद्दल तुमचं पूर्ण देतो, हप्ते पाडून देतो, व्याज इथं थांबवा. पुष्कळ जण तयार होतात, कारण कायदा त्यालाही माहीत असते.

घरात कोणी वारलं असेल तर त्याच्या कर्जाला वारस जबाबदार असतो तो वारसानं मिळालेल्या मालमत्तेपुरताच. बाई एकटी राहिली की लोक चिठ्ठ्या घेऊन येतात, तिनं लगेच कोणत्याही कागदावर सही करू नये.

आणि आकडे लिहिताना छातीत धडधड होत असेल, झोप उडाली असेल, मरणाचे विचार येत असतील तर वही बाजूला ठेवा आणि आधी माणसाशी बोला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येते. शेजारी कोणी गप गप झालेला दिसला तर त्याच्याकडं जाऊन बसा, त्याला कर्जाचं विचारू नका, जेवला का ते विचारा.

फिटल्यावरचं काम लोक विसरतात म्हणून तेही सांगून ठेवतो. शेवटचा हप्ता भरला की बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं बाकी नाही असा कागद, घ्या. दिलेले कोरे चेक, स्टॅम्प पेपर परत घ्या आणि तिथंच फाडा. बँक किंवा फायनान्सकडं घराचे-जमिनीचे मूळ कागद ठेवले असतील तर पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसात ते परत द्यावे लागतात, त्यांच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढलेला असते, तो आपोआप निघत नाही. दाखला घेऊन तलाठ्याकडं जा किंवा ई-हक्क या सरकारी वेबसाइटवर अर्ज टाका, फेरफार मंजूर होऊ द्या आणि मग नवीन सातबारा काढून इतर हक्काचा रकाना स्वतः वाचून पाहा.